चारशे सतराची डांगरी

त्या गावात पहिल्यांदा येणारा माणूस टेकडी ओलांडली की थबकतो. समोरच्या उतारावर हजारभर माणसं वाऱ्यावर डोलत असतात, हात पसरून, पाय सोडून, आणि एकालाही डोकं नसतं. चार पावलं पुढे गेलं की कळतं, निळ्या डांगऱ्या वाळत घातल्यात. पलीकडच्या शहरात कारखान्यातले कामगार गळ्यापासून घोट्यापर्यंत जो एकसंध कपडा घालतात, तो.

शहरात नुसते कारखाने आणि गावात नुसतं धुणं, अशी ही वाटणी. ओढ्याचं पाणी मऊ, साबण चटकन सुटतो, म्हणून चाळीसेक वर्षांपूर्वी कुणा शहाण्यानं इथे पत्र्याचं लांबलचक धुलाईघर काढलं. तेव्हापासून गावातले तरणे पुरुष शहरात जातात आणि शहरातल्या पुरुषांचे कपडे गावात येतात. गावातला एक म्हातारा म्हणायचा, "आपल्याकडे माणसांना काय तोटा? फक्त ती कपड्यांच्या आत नाहीत, एवढंच."

त्या धुलाईघराच्या टोकाला, खिडकीशी, शिलाई मशीनवर एक बाई तीस वर्षं बसत आली. सगळे तिला रफूमावशी म्हणायचे. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं, आणि तो शहरातला खोकला घेऊन घरी आला आणि गेला.

मावशीचा हात म्हणजे हात होता. फाटलं कुठे होतं ते तिनं शिवल्यावर तिलाच सापडायचं नाही. त्याहून भारी होती तिची नजर. प्रत्येक डांगरीच्या छातीवर कामगाराचा नंबर शिवलेला असायचा, आणि मावशी त्या माणसांना कधीही न बघता अंतर्बाह्य ओळखायची. "चारशे नऊ आता भट्टीवर गेला बघ, बाहीला भोकं पडलीत." "चारशे तीसचं पोट सुटलं. बायको आली वाटतं राहायला." बाकीच्या बायका हसायच्या. पण मावशीचं कधी चुकलेलं कुणाला आठवत नाही, आणि त्याचीच थोडी भीतीही वाटायची. आपल्या पाठीमागे कोण आपल्या कोपराकडे बघून काय ओळखत असेल, काय सांगावं?

धुलाईघरात एक न लिहिलेला कायदा होता. मळ बघणाऱ्या वेगळ्या आणि फाटलेलं बघणाऱ्या वेगळ्या. ट्रक मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. गठ्ठे सुटले की पहिल्या टेबलावर खिसे रिकामे व्हायचे, मग धुणं, मग वाळवण, आणि शेवटी कपडा शिवणाऱ्यांकडे. धुणाऱ्यांना कपड्यावर काय काय दिसायचं ते त्यांनी पोटात ठेवायचं. कुणाचं रक्त, कुणाची ओकारी, कुणाच्या कॉलरला परक्या पावडरचा वास. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्या गावातल्या निम्म्या बायका आपल्याच घरच्यांचे कपडे न सांगता धुतात, तिथे दुसरा कुठला कायदा चालणार होता?

मावशीचा एकुलता एक मुलगा तीन वर्षांपूर्वी शहरात गेला. मावशीनं त्याला धुलाईघरात इस्त्रीच्या मशीनवर लावून ठेवलं होतं. तो म्हणाला, "दुसऱ्यांचे कपडे दाबत जन्म काढू का?" ती म्हणाली, बापाला त्या शहरानं खाल्लं, तुलाही जायचंय का. बोलता बोलता दोघंही पेटले. मायलेकांचा स्वभाव सारखाच, दोन्हीकडे काडी तयार. शेवटी तो पिशवी घेऊन दारातून उतरला तेव्हा ती मागून ओरडली, "जा! तिकडे मेलास तरी मला कळवू नकोस!"

असं आया बोलतात. दिवसातून दहादा बोलतात आणि संध्याकाळी ताट वाढून ठेवतात. पण त्या संध्याकाळी ताटावर बसायला कोणी नव्हतं.

आठ महिने ती ताठ राहिली. मग मुलाच्या कारखान्यात गावातला दुसरा एकच पोरगा होता, तो ते काम सोडून दुसऱ्या शहरी जाता जाता सांगून गेला, "मावशी, तो चारशे सतरा नंबरला आहे." आणि चारशेचा गठ्ठा मावशीच्याच टेबलावर यायचा! पुढच्या शुक्रवारी तिनं चारशे सतरा हातात घेतली. डावं कोपर झिजलेलं, डाव्या बाहीची कडा तेलानं काळवंडलेली. तिचा मुलगा डावखुरा होता. तिनं डांगरी तोंडावर धरली आणि साबणाच्या वासात बराच वेळ नाक खुपसून बसली.

घरच्या माणसाच्या डांगरीला कॉलरच्या आतून लाल दोऱ्याचे चार टाके घालायचे, ही शिवणाऱ्या बायकांची जुनी रीत. कुणाला दिसत नाहीत, मानेला टोचत नाहीत. प्रत्येक कामगाराला दोन डांगऱ्या असत, एक अंगावर, एक धुण्यात. मावशीनं दोन्हींना टाके घातले. मग वर्तमानपत्राच्या कपट्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे बांधून पुडी खिशात सरकवली. चिठ्ठी लिहायला तिचा मान आड आला.

पुढच्या फेरीला खिशातून कागदाचा बोळा आला. रिकामा, चुरगळलेला. खिसे रिकामे करायचं काम तिच्या धाकट्या जावेचं. तिनं तो बोळा आणून मावशीच्या मशीनवर ठेवला आणि म्हणाली, "ताई, पोचलं हो तुमचं." त्या दिवसापासून मायलेकांचा पत्रव्यवहार सुरू झाला. जाताना पुडी, येताना बोळा. त्याहून जास्त बोलणारी पत्रंही जगात कमीच असतात.

वर्षभर हे सुरळीत चाललं. मग एका मंगळवारी चारशे सतरा आली ती पाठीतून उभी कापलेली, कॉलरपासून कमरेपर्यंत, एका रेषेत. आपसूक फाटलेलं वेडंवाकडं असतं, हे कातरीचं काम होतं. मावशी भडकली. "मेल्यांना मस्करी सुचते! कुणीतरी झोपलेला असताना कापलं असणार." कपडा स्वच्छ धुतलेला, कडक वाळलेला. तिनं दोन्ही कडा जुळवल्या, आतून पट्टी लावली आणि अशी शिवण घातली की बोटांना लागेल पण डोळ्यांना दिसणार नाही. पुडी ठेवली. डांगरी गेली.

त्यानंतर तीन आठवडे कागद आला नाही. चौथ्या आठवड्यात आला, पण बोळा नव्हता. चार घड्या घातलेला, कडेला कड जुळवलेला चौकोन होता. धाकटी जाऊ तो मशीनवर ठेवून लगेच निघून गेली. मावशीला मात्र आनंद झाला. आयुष्यात रुमालाची घडी न घातलेल्या पोराला शहरानं शहाणं केलं, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. जाऊ तेवढी हसली नाही. तेव्हापासून ती मावशीशी मोजकंच बोलायची. मावशीला वाटलं, उधार नेलेली परात परत मागितली म्हणून फुगली असेल. जावाजावांत फुगायला परातही पुरते.

मग चारशे सतरा बदलायला लागली.

आधी डावं कोपर झिजायचं थांबलं आणि उजवं झिजायला लागलं. मावशी म्हणाली, मशीन बदललं असेल, उजव्या हातानं काम करावं लागत असेल. मग पायांची कड टाचेखाली येऊन झिजायला लागली. म्हणजे पाय लांब पडत होते. तिनं दोन बोटं दुमडून आखूड केले. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा दोन बोटं. खांदे खाली उतरायला लागले, तिनं ते आत घेतले. कमरेला घडी पडायची, तिनं तिथे चिमटी घेऊन टीप मारली. शेजारची शिवणारीण म्हणाली, "मावशी, पोरगा आटतोय की काय तुमचा?" सगळ्या हसल्या, मावशीही हसली.

पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. कष्टानं माणूस वाळतो, खचतो, वाकतो. पायांतून कमी होतो का? तिला दिवसाढवळ्या, मशीनच्या खडखडाटात, असं वाटायला लागलं की तिकडे शहरात तिचं लेकरू दर आठवड्याला थोडं थोडं लहान होतंय. आणि ती इथे बसून त्याला तसतसं बेतून देतेय.

ती मनाला समजवायची ती एका गोष्टीनं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कारखान्याकडून यादी यायची. काम सोडून गेलेल्यांचे नंबर. त्या डांगऱ्यांवरचे नंबर मावशीच उसवायची. चारशे सतरा त्या यादीत कधीच आला नव्हता. म्हणजे तो होता. आणि शेंगदाणे खात होता.

तिसऱ्यांदा पाय आखूड करायची वेळ आली तेव्हा ती डांगरी पिशवीत घालून दुपारच्या सुट्टीत घरी घेऊन गेली. खुंटीवर मुलाची जुनी पँट तीन वर्षं तशीच होती. तिनं जमिनीवर दोन्ही शेजारी शेजारी अंथरल्या. कमरेला कंबर, शिवणीला शिवण. डांगरीचा पाय चांगला चार बोटं आखूड होता. मावशी कितीतरी वेळ त्या दोन कपड्यांकडे बघत उकिडवी बसली.

शुक्रवारी ट्रक माल उतरवून धुतलेले गठ्ठे घेऊन निघाला तेव्हा ती ट्रकवाल्याला म्हणाली, "मला घेऊन चल."

ट्रकवाला पंधरा वर्षं ओळखीचा. तो म्हणाला, "मावशी, पुढे बसा. गठ्ठ्यांवर कशाला?"

"तुझ्या त्या विड्यांच्या धुरापेक्षा गठ्ठे बरे," म्हणून ती मागे चढली, आणि हजार माणसांच्या रिकाम्या कपड्यांवर बसून शहरात गेली. ज्या शहराचे तिला सगळे कोपर आणि गुडघे ठाऊक होते, ते तिनं नवऱ्याच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच बघितलं. रस्त्यावरून कामगार चालले होते आणि तिची नजर त्यांच्या तोंडांवर जातच नव्हती. हा चारशे नऊ. ती पट्टी माझी. हा चारशे तीस, पोट अजून सुटलंय. मेळ्यात अचानक सगळेच ओळखीचे निघावेत आणि आपल्याला मात्र कुणी ओळखू नये, तसं तिला झालं.

फाटकावरचा रखवालदार पाळी सुटायची वाट बघत बसला होता. "चारशे सतराशी काय काम?"

"मी त्याची आई."

त्यानं तिच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघितलं, पण आत निरोप पाठवला. भोंगा झाला. माणसं बाहेर आली. आणि त्या गर्दीतून मावशीला चारशे सतरा येताना दिसली. तिनं बेतलेले खांदे, तिनं आखूड केलेले पाय, उजव्या कोपरावर तिचंच ठिगळ. कुठे एक सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. कपडा असा बसला होता जसा अंगावर ठेवून शिवलाय.

आत एक पन्नाशीचा, बुटका, पांढऱ्या केसांचा माणूस होता.

"माझी आई जाऊन वीस वर्षं झाली, बाई," तो म्हणाला. "तुम्ही कोण?"

मावशी जवळ गेली. तिनं हात पुढे करून त्याची कॉलर उलटी केली. लाल टाके होते. तो माणूस मागे सरला नाही. त्याचा चेहरा मात्र उतरला. "शेंगदाणे तुमचे?" त्यानं हळूच विचारलं.

ती नुसती मान हलवत राहिली.

"मला वाटलं धुलाईवाल्यांची पद्धत असेल. कागद फेकवेना म्हणून घडी घालून परत ठेवायचो. पण नंतर भीती वाटायला लागली हो. मी कुणाला माप दिलं नव्हतं. पाय लांब पडतात हे कुणाला बोललोही नव्हतो. तरी डांगरी आपोआप माझ्या मापाची होत गेली. बायकोला म्हणालो, मला कुणीतरी बघतंय. ती म्हणाली, नोकरी सोडा. या वयात सोडून जाऊ कुठे?"

"तुमच्या आधी," मावशी म्हणाली, "तुमच्या आधी या नंबरला कोण होतं?"

त्यानं रखवालदाराकडे बघितलं. रखवालदारानं खाली. मग रखवालदारच बोलला, कारण कुणीतरी बोलणं भाग होतं. सव्वा वर्षापूर्वी वरचा पट्टा तुटून एका पोराच्या पाठीवर आला. दवाखान्याच्या खोलीत पालथं निजवून कपडे कापून काढले. तासभर होता.

"पण यादीत नंबर आला नाही! मी दर महिन्याला बघते!"

"यादी सोडून जाणाऱ्यांची असते, मावशी. असं काही झालं तर मशीन थांबवता येत नाही. दुसऱ्या दिवशी रांगेतला पुढचा माणूस त्याच जागी, त्याच नंबरावर. कपडेही तेच. अशा वेळी नंबर मोकळा होत नाही."

"मला का नाही कळवलं?"

रखवालदारानं जाड रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि बोट ठेवलं. घरचं माणूस, या रकान्यात तिच्या मुलाच्या डाव्या हाताच्या, मागे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं, 'कोणी नाही. कळवू नये.' म्हणून पुढचं सगळं कारखान्यानंच उरकलं होतं.

तिनं सांगितलं होतं तेच त्यानं केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा शब्द ऐकला होता.

मावशी रडली नाही. ती त्या पांढऱ्या केसांच्या माणसाला म्हणाली, "जरा पाठ फिरवा."

तो फिरला. तिनं मानेपासून कमरेपर्यंत पाठीवरून बोट फिरवलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बोटाला मात्र शिवण लागली, कातरीच्या रेषेवर आपणच घातलेली, आपल्या हातची सर्वांत सुरेख. ज्या नजरेला परक्या माणसाचं सुटलेलं पोट कळायचं, तिला स्वतःच्या लेकराचं मरण हातात येऊन कळलं नव्हतं. तिनं ते शिवून टाकलं होतं, आणि वर शेंगदाणे बांधून दिले होते.

"कुठे उसवलं नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "दोन डांगऱ्यांत हीच जास्त घालतो मी. पाठीला भक्कम वाटते."

मंगळवारी ती डांगरी धुवून वाळून मावशीच्या टेबलावर आली. तिनं उसवणी घेतली आणि पाठीची शिवण एकेक टाका करून वरपासून खालपर्यंत उसवली. डांगरी दोन्ही बाजूंनी उघडली, त्या दिवशी होती तशी. मावशीनं ती मांडीवर पालथी घेतली. धुलाईघरात चाळीस मशीनं चालू होती आणि तिचं एक बंद होतं. तिला ती ठेवून घेता येणार नव्हती, प्रत्येक कपडा परत जायचा असतो, आणि त्या बुटक्या माणसाला उद्या अंगावर घालायला हवी होती. पाचला ट्रक निघायचा. साडेचारला तिनं मशीनमध्ये लाल रीळ घातलं आणि ती पाठ कॉलरपासून कमरेपर्यंत लाल दोऱ्यानं शिवली, वरच्या बाजूनं, दुहेरी. आता चारशे सतराच्या मागे उभ्या राहणाऱ्या कुणालाही ती दिसणार होती.

पंधरा दिवसांनी ती डांगरी परत आली तेव्हा खिशांच्या टेबलापाशी बायका कामं सोडून गोळा झाल्या. मावशीनं मान वर केली नाही. दुपारपर्यंत कपडा धुवून वाळवणातून आला, पण गठ्ठ्यातून नाही. धाकट्या जावेनं तो दोन्ही हातांवर आणला, मावशीच्या मांडीवर ठेवला आणि बाकावर शेजारी बसली.

"त्या दिवशी रक्त जाईना म्हणून तीन पाण्यांतून मीच काढली हो ही," ती म्हणाली.

मावशीनं मशीनवरून हात काढला.

"पाठ बघितली, नंबर बघितला. तुम्हाला सांगायला दोनदा दारापर्यंत आले, ताई. हिंमत होईना. मग खिशातून कागद यायला लागले. मेलेलं माणूस दाणे खात नाही, म्हटलं वाचला असेल. पण ती घडी बघितली की वाटायचं, हा तो नाही. आपला पोरगा घडी घालणारा नव्हता हो. मग मी रोज ठरवायचे, उद्या सांगेन."

सव्वा वर्ष ती बाई दर आठवड्याला एका मेलेल्या पोराच्या खिशात हात घालत होती, आणि मावशी परातीचा राग समजून बसली होती. मावशीला संताप यायला हवा होता. आलाही असेल. पण तिला एकच गोष्ट विचारायची होती.

"त्या दिवशी खिशात काय होतं?"

जाऊ उठली. तिच्या टेबलाखाली खिशात सापडलेल्या बेवारस वस्तूंचा पत्र्याचा डबा असायचा, बटणं, पेन्सिली, चाव्या. तिनं तळाशी हात घातला आणि परत येऊन मावशीच्या तळहातावर काहीतरी ठेवलं.

मावशीनं मूठ लगेच उघडली नाही. पुडी असेल, भरलेली, तशीच बांधलेली, तर काय करायचं? मग तिनं बघितलं.

वर्तमानपत्राच्या कपट्याचा चुरगळलेला बोळा होता. रिकामा. त्यानं दाणे खाल्ले होते.